साइड स्टँडचा स्विच काढून टाकू का?

घाटातला_मास्तर
शाळा पाटण तालुक्यात, घर चिपळूणला. म्हणजे आठवड्यातून दोनदा तरी कुंभार्ली घाट. गाडी १६० सीसी, तीन पावसाळे झालेली. शनिवारी पोफळी सोडून वर चढताना ट्रकच्या बाजूने काढायला गेलो, तिसरा गिअर, आणि मागचं चाक खड्ड्यात आदळल्याबरोबर इंजिन गप. क्षणभरच. धक्का देऊन परत चालू झालं, पण तेवढ्यात ट्रकचं मागचं चाक माझ्या गुडघ्याशेजारी होतं. मीटरवर स्टँडची लाल खूण चमकून गेली. म्हणजे स्टँड खाली असताना गिअर टाकला की इंजिन बंद करणारा तो स्विच. वर चहाला थांबलो, निघताना न्यूट्रलला सुरू झाली, गिअर टाकला की बंद. स्टँड वरच होतं, दोनदा वाकून बघितलं.

गॅरेजवाला म्हणतो, "सर, स्विच काढून दोन वायरी एकमेकींना जोडून टाकतो, पाच मिनिटांचं काम. पावसात या स्विचांची कटकटच असते." वडिलांच्या १०० सीसीला असलं काही नाही, बावीस वर्षं चालतेय. पण त्याच गाडीवरून ते पडलेतही. खेडकडून येताना बहादूरशेख नाक्यावर कराड रोडला डावीकडे वळले, स्टँड खाली राहिलेलं. ते रस्त्याला टेकलं, मागचं चाक उचललं गेलं, आणि कोपर निखळलं. अजून पाऊस आला की तेल चोळत बसतात. म्हणून वायरी जोडायला हात धजत नाही. काय करू?

मिरजेचं_गॅरेज
सर, जोडू नका. आणि स्विच बदलायलाही धावू नका. चाक आदळल्यावर बंद पडली म्हणताय ना, मग आधी स्टँडची स्प्रिंग बघा. ती सैल झाली किंवा स्टँडचा बोल्ट झिजला की खड्ड्यात स्टँड बोटभर खाली येतं आणि परत वर जातं. तेवढ्यात स्विचला वाटतं, स्टँड लागलं. इंजिन बंद करायचं त्याचं काम त्याने केलं. गाडी मेन स्टँडला लावा, साइड स्टँड वर करून हाताने हलवून बघा. लटलट करतंय का?

ते ठीक असेल तर मग चिखल. तुमच्याकडची तांबडी माती आत बसली की दांडीचा स्विच दाबलेला तो दाबलेलाच राहतो. कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे मारा, दांडी बोटाने आतबाहेर करा. वॉशिंग सेंटरवाल्याला सांगा, तिथे प्रेशर मारू नकोस. पाणी आत जातं ते तिथूनच.

नाही सुटलं तर मल्टिमीटर लावा. स्टँड वर आणि खाली, दोन्हीकडे रीडिंग बदललं पाहिजे. बदलत नसेल तर स्विच गेला. न्यूट्रलची आणि क्लचची वायरही एकदा बघून घ्या, गिअर टाकल्यावर बंद पडायचं कारण तिथेही असू शकतं. आणि काही गाड्यांत चुंबकावर चालणारा सेन्सर असतो, तीन वायरींचा. त्यात अंदाजाने वायरी जोडल्या तर फ्यूज उडेल, नाहीतर आणखी महागाचं काहीतरी.

अडकलात तर घरी येण्यापुरतं जोडा, मी पण जोडलंय. पण "नंतर करू" म्हणून गेलेलं गिऱ्हाईक नंतर येत नाही.

जुना_राजदूतवाला
आमच्या वेळी स्विच म्हणजे मागून ओरडणारा माणूस. "ओ पाव्हणं, स्टँड!" पुण्यापासून पंढरपूरपर्यंत सगळे ओरडायचे, ओढणीसाठीही आणि स्टँडसाठीही. काही जुन्या जपानी गाड्यांना स्टँडच्या टोकाला रबर असायचं, जमिनीला घासलं की स्टँड आपोआप मागे उडायचं. वायर नाही, काही नाही. तेच बरं होतं. आता गाडीने शिकवायचं आणि आपण ऐकायचं.

ठाण्याची_स्कूटरवाली
काका, रबर झिजल्यावर काय करायचे? आणि रात्री घोडबंदर रोडवर मागून ओरडलेलं हेल्मेटमध्ये ऐकूही येत नाही.

स्कूटरला तर स्विच हवाच. आमच्या गाडीला गिअर नाही, न्यूट्रल नाही, सुरू असली आणि अ‍ॅक्सिलरेटर पिळला की पळाली. मुलगा चार वर्षांचा, पुढे उभा राहतो, आणि त्याचा हात कुठे जातो ते सांगायला नको. साइड स्टँडवर ती सुरूच होत नाही. सासूबाईंनी पहिल्या आठवड्यात बॅटरी गेली म्हणून मला ऑफिसात फोन केला होता. मात्र मेन स्टँडला हा स्विच नाही, तिथे किल्ली काढूनच घ्यावी लागते.

घाटातला_मास्तर
मिरजकर, स्प्रिंगच निघाली. हाताने हलवलं तर स्टँड पाळण्यासारखं झुलत होतं. स्प्रिंग आणि बोल्ट दोन्ही बदलले, दीडशेच्या आत काम झालं. स्विच काढून बघितला, आत अर्धा चमचा चिखल होता, तो साफ केला. काल अलोरेपासून घाटमाथ्यापर्यंत मुद्दाम खड्ड्यांतून नेली, एकदाही गचकली नाही.

वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, माझ्या गाडीला बसेल का? बाहेरून बसवता येतो का हो असा स्विच? त्यांची गाडी कार्ब्युरेटरची, किकवरची आहे.

मिरजेचं_गॅरेज
बसतो. दोन वायरींचा स्विच इग्निशनच्या लाइनमध्ये घालायचा, पण न्यूट्रलचं कनेक्शनही घेऊन बसवा, नाहीतर साइड स्टँडवर गाडी गरम करता येणार नाही आणि ते दुसऱ्याच दिवशी उपटून टाकतील. येताना गाडी घेऊन या, वडिलांनाही आणा.