असेटो कोर्सा या रेसिंग गेममध्ये गाडी वळणावर गरकन फिरते, त्याबद्दल

'नीड फॉर स्पीड गेममध्ये गाडी अशी फिरत नाही, म्हणजे असेटो कोर्साचं फिजिक्स खोटं' असं इथे एकाने लिहिलंय, ते पटलं नाही. वळणाच्या मध्यात ॲक्सिलरेटर एकदम सोडला की वजन पुढच्या चाकांवर येतं, मागचे टायर हलके होतात आणि मागची बाजू सुटते. इंजिन मागे असलेल्या जुन्या पोर्श ९११ मध्ये हे खऱ्या रस्त्यावरही होतं. उपाय एवढाच: ब्रेक वळणाआधी, सरळ रेषेत, मग तो हळूहळू सोडत आत शिरा आणि वळणात थोडा गॅस धरून ठेवा.

पण त्याआधी सेटिंग तपासा, निम्मी तक्रार तिथेच मिटते. गेममधलंच पेडल्सचं ॲप उघडा. त्यातली फोर्स फीडबॅकची (स्टिअरिंग व्हील हाताला देतं त्या जोराची) पट्टी लांब वळणात सतत लाल राहत असेल तर व्हीलची ताकद संपलेली आहे. पकड सुटताना स्टिअरिंग हलकं होतं ते हाताला कळणारच नाही. लाल फक्त कर्बवर (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर) क्षणभर दिसेल इतका गेन (फीडबॅकची तीव्रता) कमी करा. लॉजिटेक जी२९ सारख्या व्हीलचं रोटेशन (ते एकूण किती फिरतं तो कोन) त्याच्या ड्रायव्हर सॉफ्टवेअरमध्ये ९०० अंशच ठेवा.

एफओव्हीचं, म्हणजे स्क्रीनवर दिसणाऱ्या दृश्याच्या कोनाचं, कोणी बोललंच नाही! २७ इंची स्क्रीन डोळ्यांपासून ६० सेंमीवर असेल तर उभा कोन साधारण ३१ अंश येतो. सुरुवातीला दुर्बिणीतून पाहिल्यासारखं वाटेल, पण वेगाचा आणि ब्रेकच्या जागेचा अंदाज यानेच सुधारतो.

आणि टायर थंड असताना पहिल्या लॅपला जोर लावू नका.