सर्व काही मोबाइलवर उपलब्ध असताना ग्रंथालयाची वास्तू कशासाठी राखावी?

प्रश्न

मी एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळावर काम करतो. येत्या वार्षिक सभेपुढे एक प्रस्ताव आला आहे. देवघेव विभाग आणि वाचनकक्ष टप्प्याटप्प्याने बंद करावेत, मोजके दुर्मिळ ग्रंथ जपून ठेवावेत, बाकीचा संग्रह इतर संस्थांना द्यावा आणि त्यातून वाचणाऱ्या रकमेत सभासदांना ई-पुस्तकांच्या एखाद्या सेवेची वर्गणी भरून द्यावी, असे त्यात म्हटले आहे. प्रस्ताव मांडणारी मंडळी ग्रंथांची वैरी नाहीत. त्यांच्यापैकी बहुतेक जण माझ्यापेक्षा अधिक वाचतात, आणि देखभाल, वीज, कर्मचाऱ्यांचे वेतन यांचा हिशेब त्यांनी प्रामाणिकपणे मांडला आहे. म्हणूनच त्यांना उत्तर देताना केवळ जुन्या आठवणींवर आणि छापील पानांच्या ओढीवर विसंबणे मला योग्य वाटत नाही.

ग्रंथालयातील अशा कोणत्या गोष्टी आहेत, की ज्या ई-पुस्तकांच्या वर्गणीतून मिळणार नाहीत? ज्यांनी या क्षेत्रात काम केले आहे किंवा या विषयाचा विचार केला आहे, त्यांनी सभेत मांडता येईल असे काही सांगितले तर फार मदत होईल.

प्रतिसाद : एक निवृत्त ग्रंथपाल

आपल्या प्रस्तावात ग्रंथ आणि इमारत या दोनच गोष्टींचा विचार झालेला दिसतो. तिसरी गोष्ट म्हणजे तेथे बसणारा माणूस, आणि सर्वांत आधी तोच जाईल.

देवघेवीच्या टेबलाशी येणारा वाचक आपल्याला नेमके काय हवे आहे हे पहिल्या वाक्यात क्वचितच सांगतो. समजा, कोणी येऊन ‘कायद्याचे एखादे पुस्तक द्या’ असे म्हणते. ग्रंथपाल कपाटाकडे न जाता आधी विचारतो, की अभ्यासासाठी हवे आहे की काही काम अडले आहे. मग कळते की घरातील वडीलधारी व्यक्ती गेली आहे, घर तिच्या नावावर आहे आणि पुढे काय करायचे हे कोणालाच उमगत नाही. त्या वाचकाला जाडजूड कायदेग्रंथाचा काही उपयोग नसतो. त्याला वारसाहक्काची सोप्या भाषेतील पुस्तिका, अर्जाचा नमुना आणि कोणत्या कार्यालयात जावे याची माहिती हवी असते. शोधयंत्र टाइप केलेल्या शब्दांचे उत्तर देते, आणि ते फार उत्तम देते. परंतु योग्य शब्द कोणता हेच ज्याला ठाऊक नाही, त्याला आधी कोणीतरी उलट प्रश्न विचारावा लागतो. ग्रंथालयशास्त्रात याला संदर्भसेवा म्हणतात.

दुसरी गोष्ट कपाटांच्या रचनेची. अमेरिकन ग्रंथपाल मेल्विल ड्युई यांची, प्रत्येक विषयाला क्रमांक देणारी दशांश वर्गीकरण पद्धत १८७६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि एका विषयाचे ग्रंथ शेजारीशेजारी ठेवण्याची रीत त्यानंतर जगभर रूढ झाली. मुक्तद्वार पद्धतीच्या, म्हणजे वाचकाला स्वतः कपाटांपर्यंत जाऊ देणाऱ्या ग्रंथालयात वाचक एका वर्गांकाच्या (विषयाच्या क्रमांकाच्या) शोधात जातो आणि शेजारच्या, कधी नावही न ऐकलेल्या ग्रंथासमोर थांबतो. संकेतस्थळेही शिफारशी करतात. परंतु त्या आपण पूर्वी काय पाहिले आणि इतरांनी काय विकत घेतले यावर बेतलेल्या असतात. कपाटाला वाचकाची पूर्वीची आवड माहीत नसते, त्यामुळे ते त्याच्यापुढे अवघा विषय मांडते. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ शियाली रामामृत रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी तिसरे सूत्र ‘प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा’ असे आहे. सभेत त्याचा उल्लेख अवश्य करावा. ज्या ग्रंथाची जाहिरात करणारे कोणी उरलेले नाही, त्याच्या बाजूने ही एवढीच व्यवस्था उभी असते.

प्रतिसाद : कॉपीराइट कायद्याची अभ्यासक

मी वेगळ्या बाजूने लिहिते, कारण माझ्या मते आपल्या सभेतील निर्णायक मुद्दा मालकीचा आहे आणि नेमकी त्याचीच चर्चा होत नाही.

छापील प्रत विकत घेतली की ती ग्रंथालयाची होते. ती हजार जणांना वाचायला द्या, पन्नास वर्षे ठेवा, बांधणी करून घ्या किंवा दुसऱ्या संस्थेला भेट द्या. प्रकाशकाची पुन्हा परवानगी घ्यावी लागत नाही. ई-पुस्तकाच्या बाबतीत मात्र ग्रंथालयाला बहुधा केवळ परवाना मिळतो आणि तो अटींनी बांधलेला असतो. हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने २०११ मध्ये अमेरिकेतील ग्रंथालयांना असा नियम लावला, की एक ई-पुस्तक २६ वेळा वाचकांना दिले गेले की त्याचा परवाना संपेल आणि ते पुन्हा विकत घ्यावे लागेल. इतर प्रकाशकांनी ठरावीक मुदतीचे, बहुधा दोन वर्षांचे, परवाने देण्याची पद्धत स्वीकारली. म्हणजे ज्या पुस्तकाला वाचकांची मागणी अधिक, तेच ग्रंथालयाच्या हातून लवकर निसटते, आणि पैसे भरत राहूनही संग्रह मात्र साठत नाही.

वैयक्तिक वाचकाची स्थितीही याहून फारशी बरी नाही. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने विक्रीच्या हक्कांच्या वादामुळे काही ई-पुस्तकांच्या आधीच विकल्या गेलेल्या प्रती वाचकांच्या किंडल यंत्रांवरून परस्पर काढून टाकल्या. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा ग्राहकांना पैसे परत मिळाले, परंतु त्यांनी घेतलेली पुस्तके उघडेनाशी झाली. ग्रंथालयांनी आपल्याकडील छापील प्रतीचे स्कॅनिंग करून एका वेळी एकाच वाचकाला डिजिटल प्रत द्यावी, हा मार्ग इंटरनेट आर्काइव्ह या अमेरिकेतील ना-नफा डिजिटल ग्रंथालयाने अवलंबला होता. त्यावर प्रकाशकांनी २०२० मध्ये खटला भरला, २०२३ मध्ये निकाल आर्काइव्हच्या विरुद्ध लागला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अपील न्यायालयाने तो कायम केला. पाच लाखांहून अधिक पुस्तके त्या देवघेवीतून काढावी लागली. लेखकाला आणि प्रकाशकाला त्यांचा मोबदला मिळालाच पाहिजे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु ज्या समाजाजवळ स्वतःच्या मालकीची एकही प्रत नाही, त्याला काय वाचता येईल हे दर वर्षी कराराच्या वेळी दुसरे कोणीतरी ठरवणार, हे सभेने समजून घेऊन मगच मत द्यावे.

प्रस्तावकांना एक प्रश्न अवश्य विचारा : वर्गणीचा करार ज्या दिवशी संपेल, त्याच्या दुसऱ्या दिवशी ग्रंथालयाजवळ काय शिल्लक असेल?

प्रतिसाद : डिजिटल वाचनाचा पुरस्कर्ता

वरील दोन्ही प्रतिसादांचा आदर राखून मला दुसरी बाजू मांडायची आहे, कारण ती न मांडता झालेला निर्णय टिकणार नाही.

ज्याला दिसत नाही किंवा कमी दिसते, ज्याला जिना चढता येत नाही, जो रात्रपाळी करून दिवसा झोपतो, ज्याच्या भाषेतील पुस्तके जवळच्या ग्रंथालयात मिळतच नाहीत, अशा वाचकांसाठी डिजिटल ग्रंथाने जे केले आहे ते इमारतींना जमले नव्हते. अक्षर हवे तेवढे मोठे करता येते, मजकूर ऐकता येतो. दृष्टिबाधित आणि छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या व्यक्तींसाठी सुलभ प्रती तयार करण्यास आणि त्यांची देशोदेशी देवाणघेवाण करण्यास वाट करून देणारा माराकेश करार २०१३ मध्ये झाला आणि सप्टेंबर २०१६ मध्ये तो अमलात आला. त्या कराराचे खरे सामर्थ्य डिजिटल प्रतींमुळेच प्रकट होते. छापील संग्रहाला आग, पूर आणि वाळवी यांचे भय असते हेही विसरू नये. ग्रंथालय राखायचे असेल तर अवश्य राखा, परंतु ई-पुस्तकांना परके मानून राखू नका.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मालकीचा मुद्दा आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आला नव्हता. एक अडचण मात्र उरते. घरी नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या गेली काही वर्षे सातत्याने घटत आहे आणि प्रस्तावाबरोबर तोच आलेख जोडलेला आहे. वाचनकक्षात माणसे असतात, परंतु त्यांतील अनेक जण आमची पुस्तके वाचतच नाहीत. स्वतःची वह्या-पुस्तके घेऊन येतात, किंवा नुसती वर्तमानपत्रे चाळतात. ‘मग हा वापर ग्रंथालयाचा कसा?’ या आक्षेपाला काय उत्तर द्यावे?

प्रतिसाद : एक शिक्षिका

हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे आणि दर वेळी मला त्याचे वाईट वाटते, कारण त्यात वाचनकक्षात बसलेल्या माणसाकडे कोणी पाहिलेलेच नसते.

जो विद्यार्थी स्वतःची वही घेऊन येतो, त्याच्या घरी बहुधा टेबल नसते, किंवा एकाच खोलीत दूरदर्शन, स्वयंपाक आणि धाकटी भावंडे असतात. त्याला हवे असलेले पुस्तक त्याच्याजवळ आहे. त्याला हवी आहे ती शांतता, दिवा आणि आजूबाजूला अभ्यास करणारी चार माणसे. मी पाहिलेल्या अशा एका वाचनकक्षात परीक्षेच्या दिवसांत मुले दार उघडण्याआधीच बाहेर उभी असत आणि आत आल्यावर खिडकीकडच्या त्याच त्या जागा धरीत. शेजारी बसणाऱ्या वृद्ध गृहस्थांशी त्यांचे बोलणे होत नसे, परंतु एखादे दिवशी ते आले नाहीत तर मुले ग्रंथपालांकडे चौकशी करीत. गावात किंवा शहरात अशी बंदिस्त, सुरक्षित जागा आणखी कोणती आहे, जेथे काहीही विकत न घेता, कोणाचे आमंत्रण नसताना, कोणत्याही जातिधर्माच्या आणि वयाच्या माणसाने तासन्‌तास बसावे आणि ‘आपण येथे कशासाठी?’ असे त्याला कोणी विचारू नये? एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी आणि घराबाहेर निवांत बसण्याची अन्य सोय नसलेल्या मुलींसाठी ही गोष्ट किती मोलाची आहे, हे हिशेबाच्या वहीत दिसत नाही.

शिवाय ‘मोबाइलवर सर्व काही मिळते’ हे विधान ज्याच्याजवळ मोबाइल, डेटा आणि तो वापरण्याचे ज्ञान आहे त्याच्यापुरते खरे आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या २०२४ च्या अंदाजानुसार जगातील सुमारे २६० कोटी लोक इंटरनेटपासून दूर होते. त्यांना ऑनलाइन अर्ज भरायचा असेल तर त्यासाठीही संगणक आणि शिकवणारा माणूस असलेली जागाच लागते.

वाचनाच्या गुणवत्तेविषयी एक नोंद. २००० ते २०१७ या काळातील ५४ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या अभ्यासांत मिळून १,७०,००० हून अधिक वाचक होते. माहितीपर मजकूर कागदावर वाचल्यास आकलन अधिक चांगले होते आणि वेळेचे बंधन असल्यास हा फरक वाढतो, असे त्यात आढळले. केवळ कथात्मक मजकुरात तसा फरक आढळला नाही. म्हणून कादंबरी कशावरही वाचावी, पण अभ्यासाचे पुस्तक मुलांच्या हाती कागदावर यावे, असे माझे मत आहे.

प्रतिसाद : निवृत्त ग्रंथपाल (पुन्हा)

आलेखाविषयी थोडे. देवघेवीची नोंद पूर्वापार ठेवली जाते, म्हणून तिचा आलेख काढता येतो. वाचनकक्षातील उपस्थिती, विचारले गेलेले संदर्भप्रश्न, जागेवरच चाळून परत ठेवलेले ग्रंथ यांची नोंद बहुतेक ठिकाणी होतच नाही. त्यामुळे जो वापर घटला तो कागदावर दिसतो आणि जो वाढला तो दिसत नाही. हेलसिंकी येथील ओडी हे मध्यवर्ती ग्रंथालय डिसेंबर २०१८ मध्ये सुरू झाले, तेव्हा त्या भव्य इमारतीत सुमारे एक लाखच ग्रंथ ठेवले गेले आणि बाकीची जागा वाचकांना बसण्यासाठी, शिकण्यासाठी आणि कार्यशाळांसाठी दिली गेली. आपल्याला तेवढे साधणार नाही, पण वाचनकक्ष हा ग्रंथालयाचा दुय्यम भाग नाही, एवढे त्यातून सभेला दाखवता येईल.

डिजिटल वाचनाच्या बाजूने लिहिणाऱ्यांशी मी बराचसा सहमत आहे. ब्रिटिश लायब्ररीवर ऑक्टोबर २०२३ मध्ये सायबर हल्ला झाला, तेव्हा ग्रंथ जागच्या जागी सुखरूप होते. तरीही ग्रंथ शोधण्याची संगणकीय तालिका जानेवारी २०२४ पर्यंत बंद राहिल्यामुळे अनेक ग्रंथांपर्यंत पोहोचणे अवघड झाले. छापील संग्रहालाही आता डिजिटल व्यवस्थेचा आधार लागतो, आणि ती कोलमडली तर दाखल नोंदवही (संग्रहात आलेल्या प्रत्येक ग्रंथाची नोंद असलेली वही) आणि जाणकार कर्मचारी यांचा. दोन्ही सांभाळणारी माणसे एकाच छपराखाली असावीत, हे मला यातून अधिकच पटते.

सभेपूर्वी आपल्याजवळ वेळ असेल तर दोन कामे करा. वाचनकक्षाच्या दाराशी एक वही ठेवून, कोणाचेही नाव न विचारता, दर तासाला किती जण बसले आहेत एवढेच लिहून काढा. सकाळ, दुपार आणि संध्याकाळ वेगवेगळी लिहा, कारण प्रत्येक वेळची माणसे वेगळी असतात. दुसरे, देऊन टाकायच्या म्हणून जी यादी झाली आहे, तिच्यातील प्रत्येक ग्रंथ त्या ई-पुस्तक सेवेत आहे का, हे एकेक नाव घालून तपासा. जुनी मराठी पुस्तके, स्थानिक इतिहास, बंद पडलेली नियतकालिके आणि दिवाळी अंक यांच्यापासून सुरुवात करा. जे तेथे सापडणार नाही त्याची वेगळी यादी करा आणि सभेत प्रस्तावाच्या आलेखाशेजारी तीच ठेवा.