पासिंग झाल्यावरच गाडी दाखवण्याची पद्धत ग्राहकाने का मान्य करावी?

कर्लीकाठ (धागाकर्ता):
२०२५ साली गणेशचतुर्थी २७ ऑगस्टला होती. मुंबईहून येणाऱ्या भावंडांना कुडाळ स्थानकावरून आणायला घरची गाडी असावी, म्हणून आम्ही सिंधुदुर्गातल्या एका शोरूममध्ये लहान पेट्रोल गाडी बुक केली. नाव मुद्दाम देत नाही, कारण मला चर्चा एका दुकानाची नव्हे, तर पद्धतीची हवी आहे. पूर्ण रक्कम भरून, विमा उतरवून आणि एमएच-०७ चा क्रमांक पडल्यानंतरच गाडी आमच्यासमोर आणण्यात आली, तीही बॉनेटवर झेंडूचा हार घालून. टायरच्या कडेवर ३८२४ असा आकडा होता, म्हणजे टायर २०२४ च्या ३८व्या आठवड्यातला. फॉर्म २१ वर, म्हणजे डीलरच्या विक्री प्रमाणपत्रावर, उत्पादनाचा महिना पाहिला, तर ऑक्टोबर २०२४. सायलेन्सरच्या जोडावरचे नट तांबूस झाले होते, वायपरचे रबर कडक झाले होते आणि मागच्या सीटखाली बंद घरासारखा कुबट वास होता. पावसाळ्यात गाडी उघड्या यार्डात उभी होती हे उघड आहे, पण "आपल्याकडे खाऱ्या वाऱ्याने असे व्हायचेच" एवढेच उत्तर मिळाले.

जुना साठा विकण्याला माझा विरोध नाही. तो सांगून आणि किंमत कमी करून विकावा. आक्षेप आहे तो, ज्यावरून गाडी कधी बनली ते कळते तो चासीस नंबर न कळवता नोंदणी उरकण्याला. एकदा गाडी माझ्या नावावर चढली की ती परत घेणाऱ्याच्या दृष्टीने सेकंडहँड ठरते, आणि हे शोरूमला पक्के ठाऊक असल्यामुळे त्यानंतरची प्रत्येक तक्रार ते हसतमुखाने ऐकून घेऊ शकतात.

यार्डातला माणूस:
मी या धंद्यात बरीच वर्षे काढली आहेत, म्हणून स्पष्ट लिहितो. चतुर्थीआधी गाडी दारात हवी, रंग पांढराच हवा आणि क्रमांकही त्याआधी पडायला हवा, हा हट्ट ग्राहकाचाच असतो. महिनाअखेरीस कंपनी गाड्या डीलरच्या गळ्यात मारते आणि त्या विकल्या जाईपर्यंत बँकेचे व्याज डीलर भरत राहतो. त्यातच १५ ऑगस्टला जीएसटी कमी होणार असल्याची घोषणा झाल्याने गिऱ्हाईक थांबले होते. अशा वेळी उभी असलेली गाडी आधी काढणार नाही असा व्यापारी मला दाखवा. आपल्याला सवलत मिळाली होती की नाही, हे आपण लिहिलेले नाही.

कर्लीकाठ:
मिळाली, पण ती "सणाची ऑफर" म्हणून. जुन्या गाडीची सूट असे तोंडी किंवा कागदावर कुठेही नव्हते. पुढे २२ सप्टेंबरपासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, त्याबद्दल मी शोरूमला एका शब्दाने दोष देत नाही. थांबायचे की नाही हा निर्णय आमचा होता. व्याज डीलरचे आणि गंज माझा, ही वाटणी मात्र मला पटत नाही.

गगनबावडा:
म्हणूनच आमच्याकडचे लोक घाट चढून कोल्हापूरला जातात. तिथे एकाच कंपनीची एकाहून अधिक शोरूम असल्यामुळे एकाने नकार दिला की दुसऱ्याकडे जाता येते. आपल्या जिल्ह्यात तो पर्यायच नसतो, आणि ज्याला स्पर्धा नाही त्याने सौजन्याने वागावे ही अपेक्षा भाबडी आहे.

सुरंगी:
कोल्हापूरचे कौतुक पुरे. माझ्या बहिणीने तिथूनच गाडी घेतली. न मागितलेल्या मॅट आणि सीटकव्हर बिलात होत्याच, शिवाय विमाही त्यांच्याकडूनच घ्यावा म्हणून आग्रह झाला. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा २०१८ पासून सक्तीचा आहे, पण तो अमक्याकडूनच घ्या असे कोणीही सांगू शकत नाही. शिवाय सर्व्हिसिंगला दर वेळी घाट चढणार कोण?

धागाकर्त्यांनी जिल्हा ग्राहक आयोगाचा विचार करावा. २०१९ च्या कायद्यानुसार ५० लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या व्यवहाराची तक्रार तिथे चालते, ती ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यात करता येते आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते. गाडी कोल्हापूरची असली तरी खेटे ओरोसलाच, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या मुख्यालयीच, घालता येतात, एवढा दिलासा गगनबावडा यांनाही आहे.

यार्डातला माणूस:
आयोगात पहिला प्रश्न येईल तो डिलिव्हरी नोटवरच्या सहीचा. "गाडी सुस्थितीत मिळाली" या वाक्याखाली सही असते, आणि उत्पादनाचा महिना लिहिलेला फॉर्म २१ त्याच फाइलमध्ये असतो. फसवणूक ठरवायची तर काहीतरी लपवलेले असावे लागते.

सुरंगी:
सगळे पैसे घेऊन, नोंदणी उरकून आणि पेढा भरवून झाल्यावर हाती दिलेला कागद म्हणजे माहिती दिली असे आपण मानता का? ती माहिती पैसे भरण्याआधी उपयोगाची होती.

कर्लीकाठ:
सही केली ती क्रमांक पडलेल्या गाडीसाठी; नाकारली असती तर भरलेला रस्ता कर आणि विमा यांचे काय होणार, याचे उत्तर तिथे कोणाकडेच नव्हते. गंजलेले भाग बदलून द्यावेत आणि वाढीव वॉरंटी विनामूल्य द्यावी, असे मी लेखी कळवले आहे. त्यांनी अंडरबॉडी कोटिंग फुकट करून देण्याची तयारी दाखवली आहे, म्हणजे गंजावरच रंग चढवायचा. ते मी नाकारले.

यार्डातला माणूस:
कोटिंग नाकारलेत हे योग्यच केलेत. बाकी, चासीस नंबर आधी मागणारे गिऱ्हाईक आमच्याकडे क्वचित येई, आणि आले की आम्ही मुकाट्याने ताज्या लॉटमधली गाडी काढत असू.