प्रतिसाद: वर्गणी नेमकी कशासाठी?
बुडालेलं जुनं जहाज एकदा पाण्याबाहेर काढण्यापुरती वर्गणी जमली की पुढचं संग्रहालय बघून घेईल, असं वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय. ते मला अजिबात पटत नाही. खरा खर्च तिथूनच सुरू होतो. स्टॉकहोमचं वासा जहाज १६२८ साली बुडालं आणि १९६१ साली वर आलं. त्यानंतर त्यावर पॉलिइथिलीन ग्लायकॉल या पाण्यात विरघळणाऱ्या मेणासारख्या रसायनाची फवारणी चालली तब्बल १७ वर्षं! लाकडातल्या पाण्याची जागा या द्रावणाने घेतली नाही तर सुकताना ते आक्रसतं, तडकतं. एवढं करूनही २००० च्या सुमारास लाकडात आम्ल तयार होताना दिसलं, आणि पुढे गंजणारे पाच हजारांहून जास्त लोखंडी बोल्ट काढून स्टेनलेस स्टीलचे बसवावे लागले. म्हणजे वर काढल्यावर पन्नास वर्षांनीसुद्धा पैसे लागतच होते.

आम्ही ठाण्यात चेंदणी कोळीवाड्याजवळ राहायचो. लहानपणी खाडीच्या चिखलातून जुन्या होडीची एक फळी निघाली होती, काळीभोर, पण अखंड. कुणीतरी हौसेने ती उन्हात उभी करून ठेवली. दिवाळीपर्यंत तिच्या चिरफळ्या झाल्या होत्या. अजून आठवलं की वाईट वाटतं. नुसती पाण्याच्या टाकीत ठेवली असती तरी वाचली असती. वासा जहाजावर फवारणी चालू असतानाच लोकांना ते तिकीट काढून बघता येत होतं. आपल्याकडेही मागायचंच असेल तर टाकी, फवारणी आणि माणसांचे पगार यांसाठी दरवर्षीचा निधी मागा.