हृदय धुण्याची कथा: सीरत भाविकाने आणि चिकित्सकाने कशी वाचावी?

प्रश्न: प्रेषित मुहम्मद लहान असताना फरिश्त्यांनी त्यांची छाती उघडून हृदय धुतले, अशी कथा सीरतमध्ये (प्रेषितांच्या चरित्रग्रंथांत) येते. अभ्यासक ती कशी तपासतात? श्रद्धेने वाचणाऱ्याला ती तपासणी चालते का?

उत्तर १: आधी सगळ्या रिवायती (परंपरेने आलेली कथने) शेजारी शेजारी ठेवा. चरित्रकार इब्न हिशाम (निधन 833) यांच्या पाठात हलीमा दाईकडे असताना पांढऱ्या कपड्यांतले दोन पुरुष बर्फाने भरलेले सोन्याचे पात्र घेऊन येतात. इमाम मुस्लिम यांच्या हदीससंग्रहातही (हदीस म्हणजे प्रेषितांविषयीची कथने) बालपणच आहे, पण तिथे येतात जिब्रील हे फरिश्ते आणि पाणी मक्केतल्या झमझम विहिरीचे. दुसरे हदीससंग्राहक बुखारी यांच्याकडे हेच मक्केत, मेराजच्या (प्रेषितांच्या स्वर्गारोहणाच्या) वेळी घडते.

आता सनदी, म्हणजे कुणी कुणाकडून ऐकले याच्या साखळ्या, पाहा. मुस्लिमची रिवायत साबित यांनी प्रेषितांचे सहचर अनस यांच्याकडून घेतलेली, बुखारींची एक रिवायत जुहरी यांनी अनसकडून. काळ बदलला, पण झमझम आणि सोन्याचे पात्र दोन्हींत टिकले. म्हणजे तेवढा गाभा अनसपर्यंत मागे नेण्याला आधार मिळतो. बर्फाची रिवायत वेगळ्या धारेतली. नुसत्या सनदीवर विसंबू नका. ती मागाहून दुरुस्त झालेली असू शकते. मतनातले (मूळ मजकुरातले) फरक सनदीच्या फांद्यांप्रमाणे पडतात का, हीच खरी कसोटी. आणखी एक: इब्न हिशाम म्हणजे इब्न इसहाक नव्हे; इब्न इसहाक यांचे आधीचे चरित्र त्यांनी संपादित केले. काही मजकूर गाळल्याचे ते स्वतःच सांगतात, म्हणून इब्न इसहाकांचा मजकूर उद्धृत करणारे इतिहासकार तबरी यांच्याशी ताडून पाहावे लागते.

उत्तर २: रावींची (कथन सांगणाऱ्यांची) छाननी मुहद्दिसांनीच (हदीसच्या अभ्यासकांनीच) उभी केली, त्यामुळे भाविकाला ती परकी वाटायचे कारण नाही. काळातला फरक त्यांनाही दिसला होता. घटना एकाहून अधिक वेळा घडली, असे अनेक उलेमांनी मानले. भक्तिपर वाचनात मात्र कथा कुरआनच्या 94:1 शी ('आम्ही तुझी छाती उघडली नाही का?') जोडली जाते आणि भर पडतो तो अंतःकरणाच्या शुद्धतेवर. बूसीरींच्या बुर्द्यासारख्या स्तुतिकाव्यात कालक्रम शोधू नये, ते त्यासाठी लिहिलेलेच नाही.

उत्तर ३: चिकित्सकांची नेहमीची चूक म्हणजे 'उशिरा लिहिले, म्हणून रचलेले'. मदिनेचा करार, म्हणजे प्रेषितांनी मदिनेतल्या गटांशी केलेला करार, पाहा. इब्न इसहाक तो सनदीशिवाय देतात, तरी अत्यंत संशयी अभ्यासकांनीही तो जुना मानला आहे. कारण मजकुरातच आहे: त्यात यहुदी गट मोमिनांसोबत (श्रद्धावान मुस्लिमांसोबत) उम्मामध्ये (एकाच समुदायात) धरले आहेत. पुढच्या काळात कुणी करार रचला असता, तर असे लिहिले नसते.