३० जून १८१५ : तह झाल्यानंतरचा तोफमारा क्षम्य होता का?

गलबत :
१८१२ च्या ब्रिटन-अमेरिका युद्धातली शेवटची सागरी चकमक जावा आणि सुमात्रा यांच्यामधल्या सुंदा सामुद्रधुनीत झाली, आणि तिच्यात मार खाल्ला तो मुंबईच्या आरमाराने. ईस्ट इंडिया कंपनीच्या बॉम्बे मरीनचे ‘नॉटिलस’ हे १४ तोफांचे जहाज सरकारी टपाल घेऊन बंगालकडे निघाले होते. तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात असलेल्या जावाच्या किनाऱ्यावरील अन्येर या बंदरासमोर त्याची गाठ अमेरिकेच्या ‘पीकॉक’ या २२ तोफांच्या स्लूपशी, म्हणजे छोट्या युद्धनौकेशी, पडली. नॉटिलसचा लेफ्टनंट चार्ल्स बॉइस याने हाक मारून विचारले, की तह झाल्याचे आपल्याला ठाऊक आहे काय? तह झाला असेल तर निशाण उतरवा, असे उत्तर पीकॉकचा कप्तान लुइस वॉरिंग्टन याने दिले. बॉइसने नकार दिला आणि तोफा सुरू झाल्या. नॉटिलसवर सहा माणसे ठार झाली. बॉइसचा एक पाय कापावा लागला. पीकॉकवर कोणाला खरचटलेही नाही. माझ्या मते हे युद्ध नव्हते, हा आडदांडपणा होता.

नाखवा :
आपला संताप समजतो, पण आपण वॉरिंग्टनच्या जागी उभे राहून पाहिलेले नाही. पीकॉकने न्यूयॉर्क सोडले ते जानेवारीत, आणि हे युद्ध संपवणाऱ्या गेंटच्या तहाला अमेरिकेची मंजुरी मिळाली १७ फेब्रुवारीला. एप्रिलच्या अखेरीस ‘कॉर्नवॉलिस’ नावाच्या ७४ तोफांच्या ब्रिटिश जहाजाने त्याचा आणि जोडीदार ‘हॉर्नेट’चा पाठलाग केला होता; हॉर्नेटला तर जीव वाचवण्यासाठी तोफा समुद्रात टाकाव्या लागल्या. (हे कॉर्नवॉलिस मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेले, हा योगायोग जाता जाता नोंदवतो.) ज्याच्यामागे दोन महिन्यांपूर्वी शत्रू लागला होता, त्याने परक्या जहाजावरून आलेली तहाची हाक खरी का मानावी? खोटे निशाण लावून जवळ येणे हा त्या काळी सर्वमान्य डाव होता, आणि अन्येरच्या किल्ल्याच्या तोफांच्या आडोशाला जाण्यासाठी बॉइस वेळ काढतो आहे, ही शंका अगदीच निराधार नव्हती.

गलबत :
बातमी उशिरा पोहोचते, हे तह करणाऱ्यांनाही कळत होते, म्हणून तर त्यांनी प्रदेशागणिक मुदती ठरवल्या. विषुववृत्ताच्या दक्षिणेकडील दूरच्या समुद्रांसाठी ती मंजुरीपासून ९० दिवसांची होती, म्हणजे १८ मे. चकमक झाली त्यानंतर ४३ दिवसांनी.

नाखवा :
ती मुदत तहाच्या कागदावर होती, आणि तो कागद वॉरिंग्टनने पाहिलेलाच नव्हता. मुदत उलटल्यावर पकडलेले जहाज परत द्यावे लागते, हे मान्य. पण ज्याला मुदतच ठाऊक नाही त्याला गुन्हेगार ठरवणे मला पटत नाही.

तांडेल :
आपण दोघेही तोफांचा हिशेब विसरता आहात. पीकॉकवर ३२ पौंडी (३२ पौंडांचा गोळा डागणाऱ्या) आखूड तोफा, म्हणजे कॅरोनेड, होत्या २०, आणि १२ पौंडी लांब तोफा २. एका बाजूचा मारा झाला ३३२ पौंडांचा. नॉटिलसवर १८ पौंडी कॅरोनेड १० आणि ९ पौंडी लांब तोफा ४. एका बाजूला जेमतेम १०८ पौंड. शिवाय कॅरोनेडचे बळ जवळच्या माऱ्यातच, आणि ही जहाजे हाकेच्या अंतरावर होती. तिप्पट ताकदीच्या जहाजाला एक होडी पाठवून चौकशी करण्यात कसला धोका होता? दुबळ्याला घाई करावी लागली असती, तर ते समजू शकलो असतो.

बॉइसने निशाण उतरवून मोकळे व्हायचे होते, असे कोणी म्हणेल म्हणून आधीच सांगतो : शत्रूसमोर निशाण उतरवणे म्हणजे शरणागती, आणि एकही तोफ न डागता ती पत्करणाऱ्या अधिकाऱ्याला पुढे लष्करी न्यायालयात जाब द्यावा लागे. वॉरिंग्टनही आरमारातलाच, त्याला हे ठाऊक होते. त्याने घातलेली अट पाळता येण्याजोगी नव्हती.

नाखवा :
आपला शेवटचा मुद्दा जड आहे, तो मी मान्य करतो. होडी पाठवायला हवी होती, हेही मान्य. पण दुसऱ्या दिवशी तहाची खात्री पटताच त्याने नॉटिलस सोडून दिले, ते लुटले नाही की जाळले नाही. मायदेशी झालेल्या चौकशीत तो निर्दोष ठरला.

गलबत :
स्वतःच्याच आरमाराच्या चौकशीत! आणि खात्री पटवणारे पत्र आले ते अन्येरहूनच, म्हणजे समोरच्याच किनाऱ्यावरून. तिथले अधिकारी आदल्या दिवशी, गोळी सुटण्यापूर्वीच, पीकॉकवर येऊन पोहोचले होते. त्यांना डेकखाली पाठवण्यात आले. आपल्याला त्यांच्याशी बोलायला सवड मिळाली नाही, असे वॉरिंग्टनचे म्हणणे. निशाण उतरवा असे ओरडायला मात्र ती मिळाली.