मदत हवी आहे: कास्टिंगच्या रंगकामात थिनर कमी कसा करावा?

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं पेंट शॉप आहे, बिडाच्या कास्टिंगना (ओतीव भागांना) प्रायमर, म्हणजे रंगाचा पहिला थर, मारतो. थिनरमधलं टोल्युइन, झायलीन शेवटी हवेतच जातं आणि आमची पोरं दिवसभर त्याच वासात उभी असतात. आता हे बघवत नाही.

पावडर कोटिंग, म्हणजे थिनरशिवाय कोरड्या रंगाची भुकटी मारून ती ओव्हनमध्ये भाजणं, करून पाहिलं. १८०-२०० अंशांच्या ओव्हनमध्ये कास्टिंगच्या छिद्रांत अडकलेली हवा बाहेर येते आणि रंगाला टाचणीएवढी भोकं पडतात. पाण्यावरचा प्रायमर घ्यावा, तर कोल्हापूरचा पावसाळा! वाळायच्या आत बिडावर गंज धरतो.

कुणी जुलै-ऑगस्टात वॉटर-बेस्ड प्रायमर चालवलाय का? वाळवताना गरम हवा किती अंशांवर ठेवता? पावडरआधी कास्टिंग तापवून घेतल्यावर भोकं थांबली का? अनुभव असेल तर सविस्तर लिहा, मी येऊन बघायलाही तयार आहे.